‘पोस्ट काढून टाक’ म्हणणाऱ्यांस जाहीर इशारा

कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे संस्थाचालक, प्राचार्य, विभागप्रमुख, वसतिगृहांचे रेक्टर आणि परीक्षेचं काम बघणारे सर्व संबंधित यांस या मजकुराने जाहीर इशारा देण्यात येतो. विद्यार्थ्याने कॉलेजातला स्वतःचा खरा अनुभव इंटरनेटवर लिहिला म्हणून त्याला केबिनमध्ये बोलावणं, घरी फोन करणं, इंटर्नलचे मार्क कोणाच्या हातात आहेत याची आठवण करून देणं, हॉल तिकीट अडवणं आणि माफीनामा लिहून घेणं हे प्रकार ताबडतोब बंद करावेत. मुदत येत्या १८ नोव्हेंबरपर्यंत, कार्यालय सुटण्याच्या वेळेपर्यंत. तारीख मुद्दाम निवडली आहे. १९६२ साली त्याच दिवशी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. वर्धापनदिनाची भाषणं संपली की आमचं काम सुरू होईल.

आम्ही कोण? याच विद्यापीठाच्या पदव्या घेतलेले, याच जिल्ह्यांत पोटापाण्याला लागलेले आणि आता पोरांच्या फिया भरणारे लोक. आमच्याकडे झेंडा नाही, लेटरहेड नाही. कोल्हापुरात इशारा द्यायला ते लागतही नाही. ज्या गावाने रस्त्यावर उतरून शहरातला टोल घालवला, त्या गावाला मुदत कशी द्यायची आणि ती संपल्यावर काय करायचं हे शिकवावं लागत नाही.

आणखी एक आत्ताच सांगून ठेवतो. याच मजकुरात पुढे विद्यार्थ्यांनाही तितकाच कडक इशारा आहे, आणि पैसे घेऊन कॉलेजचं कौतुक करणाऱ्या रीलवाल्यांनाही. आपल्या सोयीचा तेवढा परिच्छेद कापून ग्रुपवर फिरवू नये.

या अनुभवावर कोणाचे पैसे लागलेत

चंदगड किंवा शाहूवाडीच्या एखाद्या घरात बारावीचा निकाल लागतो. मुलीचा बाप कॉलेजचं माहितीपत्रक चाळतो. त्यात इमारत असते, संस्थापकांचा फोटो असतो, बागेतली फुलझाडं असतात आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असते. वसतिगृहात पाणी किती वेळ येतं, सुट्टीला घरी गेलं तर मेसचे पैसे कापून मिळतात का, गेल्या वर्षी त्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक होता की तासिका तत्त्वावरचे सर दिवाळीनंतर उगवले, प्रॅक्टिकलला एका यंत्राभोवती पाच पोरं असतात की पंचवीस, शेवटची एसटी चुकली तर मुलगी कुठे थांबते, यातलं एक अक्षर त्यात नसतं. ते ठाऊक असतं फक्त तिथे शिकणाऱ्याला.

पूर्वी बाप गावातल्या एखाद्या सिनिअर पोराला गाठायचा, एसटी स्टँडवर उभं राहून चार गोष्टी विचारायचा. आता तेच तो मोबाइलवर शोधतो. आणि पैसे कुठून आणतो? उसाच्या बिलातून, गोकुळच्या दूधबिलातून, सोसायटीच्या कर्जातून, नाही जमलं तर बायकोच्या गळ्यातलं सोनं ठेवून. तीन-चार वर्षांचा हा व्यवहार मध्येच मोडता येत नाही. म्हणून ज्याने विद्यार्थ्याला खरं लिहू दिलं नाही, त्याने त्या बापाच्या खिशात हात घातला, असंच आम्ही समजतो.

एक ताजं उदाहरण घ्या. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासनाने शंभर टक्के माफ केलं. तरीही ‘आधी सगळे भरा, शासनाचे आले की परत देऊ’ असं सांगितल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. एखादी मुलगी अशा पावतीचा फोटो नाव झाकून टाकते आणि खाली लिहिते, ‘माफी असताना माझ्याकडून घेतले.’ ती दहा गावांतल्या आयांना सावध करते. तिला केबिनमध्ये बोलावणारा माणूस मग नेमकं कशाचं रक्षण करत असतो?

हे शहर कोणाचं आहे

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि मग एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं निघत गेली. विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणून हे शहर मिरवतं ते त्यामुळे. त्याच काळात सांगली जिल्ह्यातलं एक पोर राजाराम हायस्कूलात शिकत होतं आणि जैन बोर्डिंगात राहत होतं. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेलं, म्हणून बोर्डिंगाने त्याला बाहेर काढलं. शाहू महाराजांनी त्याला आसरा दिला. ते पोर म्हणजे भाऊराव पाटील, पुढे कर्मवीर. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात जातपात न मानणारं वसतिगृह चालवून दाखवलं.

बोर्डिंगातून काढल्याची ती गोष्ट आज शंभर वर्षांनंतरही सांगितली जाते, पाठ्यपुस्तकांत येते, भाषणांत येते. कोणी म्हणत नाही की त्याने बोर्डिंगची बदनामी झाली. शाहूंचं आणि कर्मवीरांचं नाव घेऊन ज्यांच्या संस्थांचे कार्यक्रम सुरू होतात, त्यांनी निदान एवढं ध्यानात ठेवावं.

केबिनमध्ये काय होतं

दार लोटलेलं असतं. टेबलावर स्क्रीनशॉटची प्रिंट असते, कारण कुणीतरी ती तत्परतेने पोचवलेली असते. पोराला बसायला सांगत नाहीत.

“हे तूच लिहिलंस ना?”

“हो सर.”

“कॉलेजची बदनामी झाली, कळतंय का तुला? उद्या अॅडमिशन कमी झाल्या तर कोण जबाबदार? काढून टाक ती पोस्ट. आत्ता. माझ्यासमोर.”

पोरगा मोबाइल काढतो.

“आणि तुझं प्रॅक्टिकल माझ्याकडंच आहे ना यंदा?”

हे शेवटचं वाक्य सहज बोलल्यासारखं येतं. लेखी कुठेच नसतं. पण पोरगा घरी जाऊन तेच सांगतो, आणि आई म्हणते, ‘कशाला नस्त्या भानगडीत पडतोस, तीन वर्षं गप गुमान काढ.’ पोस्टमध्ये लिहिलेलं खरं होतं की खोटं, हा प्रश्न त्या केबिनमध्ये कोणीच विचारत नाही. खोटं असतं तर पहिला प्रश्न तोच आला असता.

आता कायदा ऐका, कारण तुमच्यातले बरेच जण तो वाचत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती हवी. तीत किमान एक महिला, किमान एक सदस्य अनुसूचित जाती-जमाती किंवा ओबीसी वर्गातला, आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी हवा. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा. तो मान्य नसेल तर विद्यार्थी विद्यापीठाच्या लोकपालाकडे जातो. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. त्याने ३० दिवसांत प्रकरण निकाली काढायचं असतं. मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं आणि माहितीपत्रकात खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती छापणं, हे दोन्ही याच विनियमांत तक्रारीचे विषय म्हणून नोंदलेले आहेत. जी संस्था हे पाळत नाही तिचं अनुदान रोखता येतं, संलग्नता काढण्याची शिफारस करता येते, आणि ‘या संस्थेकडे तक्रार निवारणाची किमान व्यवस्था नाही’ अशी जाहीर नोटीस वृत्तपत्रात देता येते. पोराच्या एका पोस्टने होणारी बदनामी त्यापुढे काहीच नाही.

कागदावर सगळं आहे, प्रत्यक्षात किती आहे ते वेगळं. जून २०२४ मध्ये आयोगाला लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची यादीच प्रसिद्ध करावी लागली होती. आत तक्रार ऐकायला माणूस नसेल तर पोर बाहेर बोलणारच. आत ऐकून घेणाऱ्याला बाहेरची पोस्ट घाबरवत नाही.

‘पोलिसांत देईन’ म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका पोस्टपायी आणि तिला दिलेल्या लाइकपायी अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल नावाची एक विद्यार्थिनीच सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं. ‘त्रासदायक मजकूर’ एवढ्या कारणावरून कोणालाही उचलायची सोय तिथे संपली. दुसरी गोष्ट मे २०२५ ची, पुण्याची. अभियांत्रिकीच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर एक राजकीय पोस्ट पुढे पाठवली, दोन तासांत काढली, माफीही मागितली. कॉलेजने तिचं म्हणणं न ऐकता तिला काढलं, पोलिसांनी अटक केली. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी तिला जामीन दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू देण्यास सांगितलं. पोस्ट आवडण्या-न आवडण्याचा प्रश्न निराळा. बाजू न ऐकता पोराचं शिक्षण तोडता येत नाही, हे त्या दिवशी पुन्हा ठरलं.

आणि उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं काम सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू आहे. पूर्वी पोराला वकील गाठायला रात्रीची गाडी धरावी लागे. आता केएमटी बसचं तिकीट पुरतं.

सर्वेक्षणाच्या दिवशी चालणारा तमाशा

नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असतं. वीस प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि एकविसावा प्रश्न मोकळा, तुम्हाला काय वाटतं ते लिहिण्यासाठी. ही लिंक थेट विद्यार्थ्याच्या ईमेलवर येते. ती तशी पाठवतात ती मध्ये कोणी नसावं म्हणूनच. पण पोरांना संगणक प्रयोगशाळेत ओळीने बसवून, ‘सगळ्यांनी चार द्या, शेवटच्या प्रश्नात दोन चांगल्या ओळी लिहा, आणि झाल्यावर स्क्रीन दाखवून जा’ असं सांगितलं जातं. कुठे, ते आम्हाला विचारू नका. कुठल्याही कट्ट्यावर जाऊन पोरांना विचारा.

शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची ए-प्लस-प्लस श्रेणी मिळाली, त्याचा आम्हालाही अभिमान आहे. त्या श्रेणीच्या सावलीत बसणाऱ्या प्रत्येक कॉलेजने आपली श्रेणी स्वतः कमवावी, पोरांची बोटं धरून नव्हे. यापुढे सर्वेक्षणाच्या दिवशी प्रयोगशाळेत कोणी पोरांच्या मागे उभं राहिलं, तर त्या दिवसाची तारीख, वेळ आणि उपस्थित शिक्षकांची नावं आमच्याकडून बंगळुरूला नॅकच्या कार्यालयात जातील.

रीलवाल्यांनो

प्रवेशाच्या हंगामात आणखी एक जमात उगवते. ‘भावा, माझं कॉलेज म्हणजे नाद खुळा’ असं म्हणत कॅम्पसभर फिरणारा सिनिअर. त्याला फीत सवलत मिळाली, प्रत्येक प्रवेशामागे ठरावीक रक्कम मिळाली, की नुसता टी-शर्ट मिळाला, ते तो सांगत नाही. पैसे किंवा फायदा घेऊन शिफारस करत असाल तर तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. कोचिंग क्लासना तर नोव्हेंबर २०२४ पासून निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याचं नाव-फोटो जाहिरातीत वापरता येत नाही, आणि ती संमतीही निवड झाल्यावरच घ्यायची असते.

इशारा सोपा आहे. पैसे घ्या, पण रीलवर ठळक लिहा की घेतलेत. लपवून केलंत तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तुमची लिंक जाईल. आपल्याच गावच्या पोराला फसवून मिळवलेल्या टी-शर्टाची किंमत तेव्हा कळेल.

आता पोरांनो, तुमची पाळी

वर वाचून टाळ्या वाजवल्या असतील तर हात खाली करा. खोटं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या मागे आम्ही उभे राहणार नाही. एक खोटी पोस्ट दहा खऱ्या पोस्टना खोटं ठरवते, आणि केबिनमधल्या माणसाला तीच तर हवी असते. म्हणून पुढच्या अटी मोडल्यात तर आमच्या दारात येऊ नका.

पहिली अट, स्वतः पाहिलेलं, सोसलेलं, भरलेलंच लिहा. ‘असं ऐकलंय’, ‘सगळे म्हणतात’, ‘सिनिअर सांगत होता’ यातलं काही चालणार नाही. ऐकीव असेल तर ज्याचं आहे त्याला लिहू द्या.

दुसरी, वर्ष, वर्ग आणि काळ सांगा. तीन वर्षांपूर्वीच्या रेक्टरचा राग आजच्या रेक्टरवर काढू नका. नंतर सुधारणा झाली तर जुन्या पोस्टखाली तेही लिहा. तक्रार लिहायला जेवढी घाई केली तेवढीच इथेही करा.

तिसरी, माणसाचं नाव घेऊन आरोप करण्याआधी दहादा विचार करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा आहे. ‘खरंच होतं ना’ एवढं म्हणून फौजदारीत सुटता येत नाही. ते खरं असावं लागतं आणि ते जाहीर करणं लोकहिताचंही असावं लागतं. वसतिगृहाचं पाणी, फीची पावती, न झालेले तास हे लोकहिताचं आहे. मॅडमच्या साडीवर, सरांच्या घरगुती भांडणावर किंवा कुणाच्या बोलण्याच्या लकबीवर विनोद करणं यात लोकहित कुठेच नाही. ते काढा.

चौथी, दुसऱ्याचं खाजगी बाहेर आणू नका. वर्गाच्या ग्रुपमधले मेसेज, मैत्रिणीचा नंबर, रूममेटचा फोटो, मेरिट यादीतला जातीचा रकाना, यातलं काही तुमचं नाही. संमतीशिवाय खाजगी अवस्थेतला फोटो टिपला किंवा पुढे पाठवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. निनावी लिहायला हरकत नाही. पण दुसऱ्याच्या नावाने खातं काढून फसवणूक केलीत तर कलम ६६-डी आहे, आणि सायबर पोलिसांना तुमचा पत्ता काढणं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही.

पाचवी आणि सगळ्यांत कडक. रॅगिंग आणि लैंगिक छळ यांत पोस्ट ही पहिली पायरी नाही. रॅगिंग झालं तर १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात रॅगिंगला दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे साधारण तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. बलात्कारासारख्या गुन्ह्यात पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. ‘तिला न्याय मिळवून देतोय’ म्हणून तिचं नाव, गाव, वर्ग, होस्टेलची खोली लिहिणारा तिचा वैरी आहे.

सहावी, परीक्षेबद्दल. ‘मुद्दाम नापास केलं’ असं लिहिण्याआधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागा. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्येच मान्य केला आहे. कॉपी हातात आल्यावर दिसेल की उत्तर तपासायचंच राहिलं, की बेरीज चुकली, की तुम्हीच प्रश्न सोडून दिला होता. जे दिसेल ते लिहा, तिसरं निघालं तरी.

सातवी, जात आणि धर्म. ७ जून २०२३ चा दिवस या शहराने पाहिला आहे. मोबाइलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगड उडाले, लाठीमार झाला, अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद पडलं. कॉलेजात जातीवरून भेदभाव झाला असेल तर तो जरूर लिहा, कुठे, केव्हा, कोणत्या शब्दांत, आणि सोबत तक्रार करा. पण एका प्राध्यापकाच्या वागण्यावरून एका समाजाला शिव्या देणारी पोस्ट टाकाल, तर तिच्याविरुद्ध पहिली तक्रार आमचीच असेल.

मग लिहायचं कसं? नमुना देतो, कल्पनेतला आहे, कुठल्याही कॉलेजचा नाही:

‘मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहात तिघांच्या खोलीत आम्ही पाच जण राहतो. पाणी सकाळी सहा ते साडेसात, संध्याकाळी नाही. मेसचे महिन्याला ३२०० रुपये, आठ दिवस घरी गेलं तरी कपात नाही. ३ ऑगस्टला रेक्टरना पाचही जणांच्या सहीने अर्ज दिला, पोच आहे, उत्तर नाही. गणिताला दिवाळीपर्यंत शिक्षक नव्हते. केमिस्ट्रीच्या मॅडम मात्र रविवारी जादा तास घेतात, एक पैसा घेत नाहीत. लायब्ररी चांगली आहे, परीक्षेच्या दिवसांत रात्रीही उघडी असते.’

यात एक शिवी नाही, एक नाव नाही, आणि कॉलेजला खोडता येईल असं वाक्यही नाही. चांगलं आहे तेही लिहिलंय, म्हणून वाईटावर विश्वास बसतो. ‘हे कॉलेज म्हणजे लुटारूंचा अड्डा’ हे वाक्य लिहायला दोन सेकंद लागतात आणि ते वाचून चंदगडच्या त्या बापाला काहीही कळत नाही.

मागण्या आणि मुदतीनंतरचं

१८ नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक महाविद्यालयाने चार गोष्टी कराव्यात. एक, स्वतःच्या खऱ्या अनुभवाबद्दल लिहिल्यावरून कोणत्याही विद्यार्थ्यावर कारवाई होणार नाही, असं परिपत्रक सूचनाफलकावर लावावं. दोन, तक्रार निवारण समितीची नावं, फोन आणि विद्यापीठाच्या लोकपालांचा पत्ता त्याच फलकावर आणि संकेतस्थळावर द्यावा. तीन, आजवर लिहून घेतलेले माफीनामे विद्यार्थ्यांना परत करावेत. चार, पोस्टमध्ये खोटं असेल तर लेखी खुलासा त्याच जागी, त्याच पोस्टखाली द्यावा. पोर खोटं बोललं असेल तर लोक तुमचा खुलासा वाचतीलच.

मुदत टळली तर आम्ही काळं फासणार नाही, खुर्च्या मोडणार नाही, गेटला कुलूपही लावणार नाही. तसल्या आंदोलनाने संस्थाचालकाला सहानुभूती मिळते आणि पोरांवर गुन्हे दाखल होतात. आम्ही कागद मागणार. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीन वर्षांत तक्रार निवारण समितीकडे किती तक्रारी आल्या, किती १५ कामकाजाच्या दिवसांत निकाली निघाल्या, समितीत कोण आहे, बैठकांची इतिवृत्तं कुठे आहेत, हे अनुदानित महाविद्यालयांना थेट आणि विनाअनुदानितांबाबत विद्यापीठाला विचारलं जाईल. उत्तर आलं तर छापू, नाही आलं तर अपिलात जाऊ. ज्या विद्यार्थ्याचं हॉल तिकीट पोस्टपायी अडलं, त्याची तक्रार समितीकडे, मग लोकपालाकडे आणि गरज पडली तर भाऊसिंगजी रोडवर सर्किट बेंचसमोर.

जी महाविद्यालयं हे आधीच पाळतात, ती या जिल्ह्यांत आहेत आणि पोरं त्यांचं नावही घेतात. त्यांना या इशाऱ्याची झळ लागण्याचं कारण नाही.

शेवटचं पालकांना. कॉलेजातून फोन आला की ‘तुमच्या मुलीने आमची बदनामी केली’, तर आधी मुलीवर ओरडू नका. फोनवरच्या सरांना शांतपणे विचारा, ‘तिने लिहिलेलं खोटं आहे का?’ खोटं असेल तर तिच्याकडून दुरुस्त करून घ्या, माफी मागायला लावा. आणि खरं असेल तर सरांना म्हणा, ‘पोस्ट काढायला सांगताय ते कॉलेजच्या शिक्क्यानिशी लेखी द्या.’ ते लेखी देणार नाहीत. तुम्ही मात्र त्या फोनची तारीख आणि वेळ लिहून ठेवा.